मसाला का नासला

शालनला जाऊन आता वर्ष होत आलं. जे सांगणार आहे ते मी तिलाही कधी बोललो नाही. तिलाच नाही म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला सांगायचा प्रश्न येतो कुठं? पोरीला नाही, भावाला नाही, टोळीतल्या माणसांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — म्हणून जमतंय का, तेही कळत नाही. बसलोय खरा लिहायला.

एका गोष्टीचा दोष शालननं स्वतःवर घेतला आणि तो घेऊनच ती गेली. तो तिचा नव्हता. एवढंच सांगायचंय. पण एवढंच सांगून होत नाही — मागचं सांगावं लागतं, आणि मागचं सांगायला लागलं की हात जड होतो.

मी माथाडी. म्हणजे होतो. साताऱ्याकडनं मुंबईत आलो, पाठीवर गोणी घेतली, आणि मार्केट मुंबईतनं वाशीला हललं तसे आम्हीही गोणीमागं वाशीला आलो. कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर आमची टोळी होती. कोपरखैरण्याला, बोनकोडे गावाच्या अंगाला, आम्हाला एक खोली मिळाली. त्या खोलीत मी, शालन आणि आमची एकुलती एक पोर, मनीषा. माझं शिक्षण चौथी. शालनचं तेवढंही नाही. मनीषा मात्र शिकत गेली. बारावी झाली आणि म्हणाली, आबा, मला बिझनेस मॅनेजमेंटला जायचंय. तीन वर्षांचा कोर्स आहे, नवीनच निघालाय.

मी टोळीत सांगितलं तर किसन म्हणाला, "धंदा शिकाया कॉलेज? गाळ्यावर बसीव की वरीसभर. शेठ दोन शिव्या देईल, आपसूक शिकंल." सगळे हसले. मीही हसलो. पण पाठवली. पोरीला तिथं मी पाठवली, हे खरं आहे — आणि हे मी त्या वर्षांत घरात किती वेळा बोलून दाखवलं, तेही खरं आहे.

पहिलं वर्ष पोरीला फार जड गेलं. वर्गातली बाकीची वाशीच्या सोसायट्यांतली, इंग्रजी शाळेतली. पहिल्याच महिन्यात प्रत्येकानं वर्गापुढं उभं राहून पाच मिनिटं बोलायचं होतं. मनीषा उभी राहिली आणि नुसती उभीच राहिली. घरी येऊन पांघरूण घेऊन झोपली, जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शालननं तिला उठवलं आणि स्वतः भिंतीला पाठ लावून पुढ्यात बसली. म्हणाली, "मी तुझा वर्ग. बोल." तेव्हापासून रोजचं झालं. पोर इंग्रजीत बोलायची आणि शालन भाजी निवडता निवडता ऐकायची. कळत काही नव्हतं, पण अडखळली की लगेच म्हणायची, "हितं थांबलीस. पुन्हा म्हण." हळूहळू शालनला त्यातले शब्द यायला लागले. मी नवा सदरा घातला की म्हणायची, "आज पॅकिंग झ्याक हाय." पोर पोट धरून हसायची. मलाही गंमत वाटायची. तेव्हा वाटायची.

तिसऱ्या वर्षी त्यांना एक काम दिलं. चौघा-चौघांनी मिळून खराखुरा छोटा धंदा काढायचा आणि काही महिने चालवून दाखवायचा. शेवटी बाहेरचे पाहुणे येणार, त्यांच्यापुढं सगळं मांडायचं. कुणी टी-शर्ट छापले, कुणी शुभेच्छांची कार्डं विकली. मनीषाच्या गटाला काही सुचेना. एकदा ती चौघं आमच्या खोलीवर अभ्यासाला बसली आणि शालननं त्यांना भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं. नेरूळचा एक पोरगा होता, डोळ्यांतनं पाणी गळतंय पण खातोय. म्हणाला, "काकू, हा मसाला कुठून आणता?"

शालन म्हणाली, "आनते कुठनं? करती."

तिथून ते सुरू झालं. कांदा-लसूण मसाला. आमच्याकडं घरोघरी होतो, त्यात विशेष काही नाही. पण शालनचा वेगळा लागायचा, हे मीही सांगतो. मसाला मार्केटातनं मिरची मी आणली, माझ्याच पाठीवर. डंकावर कुटायला शालन आणि मनीषा गेल्या. पोरं आमच्या खोलीत दाटीवाटीनं बसून पिशव्या भरायची. करवतीच्या पात्यावर पिशवीचं तोंड दुमडायचं आणि मेणबत्तीवर धरून चिकटवायचं — दोघांची बोटं भाजली, एकीची ओढणी जळाली. मग ती सोसायट्यांत दारोदार फिरायची. पहिल्या दिवशी एका बाईनं मनीषाच्या तोंडावर दार लावलं. ती रडत आली. त्यांच्या कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं होतं, जी बाई नको म्हणेल तिला का नको ते विचारून या, तोच तुमचा अभ्यास. मनीषा दुसऱ्या दिवशी त्याच दारात पुन्हा गेली आणि विचारून आली. बाई म्हणाली होती, मसाला कुणाच्या हातचा ते माहीत नसताना मी घरात का घेऊ?

म्हणून पोरांनी पिशवीवर नाव छापलं. शालनताईंचा कांदा-लसूण मसाला.

तुम्हाला यात काही वावगं दिसतं? नाही दिसणार. मलाही आज दिसत नाही. पण तेव्हा ती पिशवी मी हातात घेतली आणि वाचली. आमच्यात बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची रीत नव्हती. मी तिला घरात "अगं" म्हणायचो, बाहेर "आमच्या घरात" म्हणायचो. आणि इथं ते नाव छापून आलं होतं, मोठ्या लाल अक्षरांत. पुढं नवऱ्याचं नाव नाही, आडनाव नाही. नुसती शालन. मिरची वाहून आणणारा, पोरीला शिकवणारा मी — माझं एक अक्षर त्यावर नव्हतं.

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं.

मसाला चालायला लागला. वाशीतल्या एका दुकानदारानं ठेवून घेतला. मग शेवटचा मोठा मसाला करायचा ठरला. त्यातनंच दुकानाच्या पिशव्या भरायच्या आणि त्यातनंच पाहुण्यांपुढं ठेवायच्या. त्याच दिवसांत शालनला पाळी आली. सरळच लिहितो, या वयात काय लाजायचं. एका खोलीत बाजूला बसणार कुठं? पण ती दोन गोष्टी पाळायची. देवापुढचा दिवा मनीषानं लावायचा, आणि लोणच्या-मसाल्याच्या बरणीला स्वतः हात लावायचा नाही. तिच्या आईनं तिला तसं शिकवलं होतं — या दिवसांत हात लागला की नासतं.

त्या आठवड्यात दिवा मनीषा लावत होती. ते मी बघत होतो. आणि डंकावरनं आलेल्या मसाल्यात लसूण आणि तेल कालवायचं होतं, ते शालन कालवत होती. तेही मी बघत होतो. तारीख टळणार नव्हती, पोरीचं काम अडलं होतं, म्हणून तिनं मन घट्ट करून हात घातला. मला म्हणाली नाही. मी विचारलं नाही. पण लक्षात ठेवलं. असलं माणूस बरोबर लक्षात ठेवतं, नाही का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केटात किसन मला म्हणाला, "काय रं, वैनी मास्तरीण झाल्या म्हनं?" मला काही माहीत नव्हतं. त्याची पुतणी मनीषाच्या कॉलेजात होती, तिच्याकडनं त्याला कळलं होतं. मॅडमनी शालनला त्याच दिवशी वर्गात बोलावलं होतं, धंदा कसा उभा केला ते मुलांना सांगायला. किसन म्हणाला, "आता तू घरी बस, भाकऱ्या थापायला शीक." टोळीतले सगळे फिदीफिदी हसले. मुकादमसुद्धा हसला. पाठीवर गोणी होती, ती घेऊन मी पुढं चालत राहिलो.

दुपारी घरी आलो. खोलीला कुलूप. भाकरी झाकून ठेवलेली होती — हेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल उपाशी ठेवलं. ठेवलं नव्हतं. कोपऱ्यात मसाल्याचा मोठा डबा होता, वर पांढरं फडकं बांधलेलं. शेजारी नाव छापलेल्या रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा. मी जेवलो. हात धुतला. मग फडकं सोडलं, झाकण काढलं आणि तांब्यातलं पाणी डब्यात ओतलं.

सगळं नाही. पण थोडंही नाही. पळीनं खालवर केलं. हा मसाला असतोच तेलकट, ओलसर — दिसून आलं नाही. झाकण लावलं, फडकं बांधलं, पळी पुसून जागेवर ठेवली आणि झोपलो. झोप लागली. ते मला सगळ्यात जास्त खुपतं. चांगली गाढ झोप लागली.

मनात काय होतं? मी कितीदा स्वतःला विचारलंय. मसाला थोडा बिघडावा, कुणी पाठ थोपटू नये, शालन पहिल्यासारखी घरात असावी — असं काहीतरी असेल. नीट सांगता येत नाही. रागात केलं असंही म्हणता येत नाही. जेवून, हात धुऊन केलं.

संध्याकाळी दोघी आल्या. शालनच्या अंगावर लग्नकार्याची साडी होती. इतकी खुशीत मी तिला फार कमी वेळा बघितली. म्हणाली, "अवं, मला खुर्चीवर बसवलं. समदी पोरं उठून उबी राह्यली." मी म्हटलं, चहा टाक.

पोरांनी दुसऱ्या दिवशी पिशव्या भरल्या. मी घरातच होतो. बघत होतो. नेरूळचा पोरगा म्हणाला, काकू, या वेळी मसाला मऊ झालाय. शालन म्हणाली, तेल जरा सढळ पडलं असंल.

आठवड्याभरानं पाहुणे आले. आईबापांनाही बोलावलं होतं. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो, मागच्या रांगेत बसलो. शालनला पुढं बसवलं. मनीषा उभी राहिली आणि बोलली — अशी बोलली की मला एक शब्द न कळता माझी छाती भरून आली. पहिल्या वर्षी जिच्या तोंडातनं शब्द फुटला नव्हता ती पोर ही. पाहुण्यांत एका कंपनीचे साहेब होते. ज्यांचं काम आवडेल त्यांना ते शिकाऊ म्हणून घेणार होते. ते पुढं झाले, टेबलावरची एक पिशवी उचलली. कात्रीनं कापली, नाकाजवळ नेली आणि मान मागं घेतली. दुसरी कापली. तिच्यात पांढरी बुरशी दिसत होती. त्यांनी ती ताटलीत ओतली आणि रुमालाला हात पुसला.

कुणीतरी हसलं. मनीषा थांबली नाही, पुढचं बोलत राहिली, पण आवाज गेला होता. मी शालनकडं बघितलं. ती ताटलीकडं बघत नव्हती. स्वतःच्या हाताकडं बघत होती.

तेव्हा उठायचं होतं. मागच्या रांगेतनं उठून म्हणायचं होतं की पाणी मी घातलं. चौथी शिकलेल्या माणसालाही एवढं वाक्य येतं. मी उठलो नाही. सदऱ्याची बटणं चाचपत बसलो.

दुकानदारानं पिशव्या परत दिल्या. साहेबांनी दुसऱ्या गटातली मुलं घेतली. मॅडमनी मनीषाला सांगितलं, कुठंतरी ओल गेली, कशी गेली ते शोधून काढा, यातनंही शिकता येतं. पोर घरी येऊन आईला एकेक विचारायला लागली. डबा कोरडा होता का? पळी पुसली होती का? लसूण ओला होता का? शालन प्रत्येकाला नीट उत्तर देत होती. मग म्हणाली, "नको शोदूस बाय. माझ्यामुळं झालं. मी अडचणीत असताना हात घातला."

मनीषा चिडली. म्हणाली, "आई, तू असलं काही बोलू नको. पाळीनं मसाला नासत नाही. पाण्यानं नासतो. पाणी कुठून आलं ते सांग."

शालननं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "तुमी सांगा. मी फडक्यानं डबा दोनदा पुसला. पाणी कुठनं येईल?"

तुम्हाला वाटलं असेल, पाणी ओतलं तीच माझी चूक. नाही. ते सांगायला मी एवढा कागद खर्च केला नसता. ही आता सांगतो ती. पोर बरोबर बोलत होती. ती कॉलेजात जे काही शिकली होती ते त्या एका प्रश्नात होतं, आणि उत्तर माझ्याजवळ होतं. मी शालनला म्हणालो — "तुला ठाऊक होतं ना बाजूला हायस ते? मग हात घालायचाच कशाला? आता पोरीचं वाटोळं झालं, बस आता बघत."

एवढंच. आवाजही चढवला नाही.

शालननं मान हलवली. एकदा, हळू. माझं म्हणणं तिला पटलं होतं. मनीषा उठून बाहेर गेली. त्या दोघींमधलं ते भिंतीला पाठ लावून बसणं, "हितं थांबलीस, पुन्हा म्हण" — ते त्यानंतर मी बघितलं नाही. पोरीला वाटलं, आई स्वतःचा निष्काळजीपणा देवाधर्माच्या नावावर घालते. आईला वाटलं, पोर मला माफ करत नाही. आणि मी दोघींच्या मधे जेवत होतो.

मनीषा पास झाली. नोकरीला लागली, पुढं चांगली वर चढली. ते तिच्या हुशारीवर झालं. शालननं मात्र मसाला सोडला. त्या दिवसानंतर बरणीला हात म्हणून लावला नाही. आमच्या घरात दुकानातला मसाला यायला लागला. लोणचं घातलं नाही, पापड लाटले नाहीत. मनीषाच्या लग्नात सगळ्या बायका फराळाचं करायला बसल्या आणि ही पाणी भरत होती, भांडी उचलत होती. जावांनी ओढलं तर म्हणाली, माझ्या हाताला नको. पुढं वय झालं, पाळी गेली, तरी नाही. मी एकदा म्हटलं, आता काय अडचण हाय, कर की थोडा. म्हणाली, "नको. यकदा बघितलं ना." आणि दुकानाच्या मसाल्याचं कालवण माझ्यापुढं ठेवलं. मी ते कितीतरी वर्षं खाल्लं. रोज. चव नव्हती असंही म्हणणार नाही. कालवण होतं, खाल्लं.

सांगायला संधी मिळाली नाही, असं नाही. रोज मिळत होती. पहिल्या वर्षी वाटलं, आता सांगितलं तर पोर माझ्याशी बोलणार नाही. नंतर वाटलं, विसरली असेल. मग वाटलं, आता इतकी वर्षं झाली, उकरून काय करायचं. ही सगळी माझ्या सोयीची वाटणं. तिची सोय मी बघितली नाही.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. मनीषा आम्हाला तिच्या घरी घेऊन गेली. शालन खाटेवर होती, पण बोलत होती. त्या महिन्यात आमच्या नातीला पहिल्यांदा पाळी आली. शालननं तिला जवळ बोलावलं, केसांवरनं हात फिरवला. मी खिडकीपाशी खुर्चीवर होतो. मनीषा बाहेर फोनवर होती. शालन नातीला म्हणाली, "बाकी काय पाळू नको बाय, तुमचं दिवस येगळं हायत. पन साठवणीच्या जिनसाला हात लावू नको. माझ्या हातानं नासलंय. तुझ्या आईचं केवढं मोठं नुकसान झालं माझ्यापायी. ह्यांनी डोळ्यांनी बघितलंय."

नातीनं माझ्याकडं बघितलं. शहरातली पोर, असल्यावर विश्वास ठेवणारी नाही. तिला वाटलं आजोबा हसतील, म्हणतील, आजीचं काय ऐकतेस.

"आजोबा, खरंच?" तिनं विचारलं.

शालनही माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, "हां."

त्यानंतर शालन फार दिवस राहिली नाही.